जुना दोन-सॉकेट सर्व्हर घेताय? आधी त्याचा काटा तपासा

उसाची गाडी वजनकाट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावरून हलत नाही. काटामारीची शंका आपल्याकडं दर हंगामात निघते, त्यामुळं ही सवय अंगवळणीच पडलेली. तोच माणूस त्या काट्याच्या नोंदी ठेवायला सेकंडहँड सर्व्हर घ्यायला जातो, तेव्हा कोअर मोजतो, रॅम मोजतो, हार्ड डिस्कची टक्केवारी बघतो. मशीनच्या आतल्या काट्याकडं, म्हणजे वेळ मोजणाऱ्या घड्याळाकडं, कोणी बघत नाही. विकणाराही बघत नाही, त्यामुळं त्याला फसवणूक म्हणता येत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतले छोटे-मध्यम कारखाने, दूध संस्था, हॉस्पिटलं, क्लासेस या सगळ्यांना परवडतो तो माल म्हणजे मोठ्या कंपन्यांतून निघालेले दोन-सॉकेट, म्हणजे एका बोर्डावर प्रोसेसरच्या दोन जागा असलेले, इंटेलचे झिऑन सर्व्हर आणि वर्कस्टेशन. हा रिव्ह्यू त्या मालाचा आहे, आणि तोही एकाच बाजूनं: दोन प्रोसेसर एका पेटीत असताना त्यांची वेळ एकमेकांशी जुळते का, आणि ऑपरेटिंग सिस्टिमनं कोणत्या घड्याळावर भरवसा ठेवावा. ब्रँड कोणताही असू दे, खाली दिलेली तपासणी तीच राहते.

वेळ चुकली म्हणून काय बिघडतं? एकटं घड्याळ दोन सेकंद मागं असेल तर फारसं काही नाही. खरा घोळ होतो तो वेळ उलटी पळाल्यावर. एखादा प्रोग्राम पहिल्या सॉकेटवर चालताना वेळ विचारतो, मग शेड्युलर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा कामं वाटणारा भाग, त्याला दुसऱ्या सॉकेटवर टाकतो, तिथं परत विचारतो आणि उत्तर आधीपेक्षा लहान येतं. मग डेटाबेसचे टाइमआउट अवेळी फुटतात, भट्टीच्या तापमानाच्या नोंदींचा क्रम उलटतो, लॉगमध्ये ‘काम संपलं’ ही ओळ ‘काम सुरू’च्या आधी दिसते. साधा पिंग लावला तरी कधी कधी वेळ मागं गेल्याचा इशारा छापतो. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत, लावून हे दुरुस्त होत नाही. एनटीपी सगळ्या मशीनचं एक घड्याळ मानून ते पुढं-मागं सरकवतो, दोन सॉकेटांतलं भांडण त्याला दिसतच नाही.

एका पेटीत चार घड्याळं

लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, या घड्याळांना स्वतःच गुण देतो, म्हणजे आमच्या आधी रिव्ह्यू लिहून मोकळा झालेला आहे. प्रोसेसरच्या आतल्या टीएससीला ३००, चिपसेटमधल्या एचपीईटीला २५०, वीज-व्यवस्थापनाच्या एसीपीआय पीएम टायमरला २००, सुरुवातीच्या पीसीपासून चालत आलेल्या पीआयटीला ११०. हजर असलेल्यांपैकी जास्त गुणांचा जो असेल तो निवडला जातो, आणि पुढं खराब निघाला तर खालच्याला गादी मिळते. कोणाची निवड झाली ते सिस फाइलसिस्टिमच्या क्लॉकसोर्स फोल्डरातल्या ‘करंट क्लॉकसोर्स’ या फाइलीत दिसतं. शेजारची ‘अव्हेलेबल क्लॉकसोर्स’ ही फाइल शिल्लक उमेदवारांची यादी देते. या दोन ओळी वाचायला दहा सेकंद लागतात, आणि व्यवहार करायचा की नाही याचा निम्मा निकाल तिथंच लागतो.

पीआयटी १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालतो, पीएम टायमर ३.५७९५४५ वर आणि एचपीईटी बहुतेक मशीनवर १४.३१८१८ वर. हे विचित्र आकडे अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलमधून आलेत. १९८१ च्या आयबीएम पीसीत १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल होता, त्याला ४ नं भागलं की टीव्हीची रंगवाहक फ्रिक्वेन्सी मिळते आणि १२ नं भागलं की पीआयटीची. उद्यमनगरच्या एखाद्या शेडमध्ये आज चालणारा सर्व्हरही ते गणित पोटात घेऊन बसलाय.

टीएससी: निवडायचा हाच, पण अटींवर

टाइम स्टॅम्प काउंटर १९९३ च्या पेंटियमपासून प्रत्येक प्रोसेसरच्या आत आहे. ६४ बिटांचा आकडा, एका सूचनेत वाचून होतो, बाहेर कुठं जावं लागत नाही. लिनक्समध्ये टीएससी चालू असेल तर वेळ विचारणारा प्रोग्राम कर्नलमध्येही शिरत नाही, व्हीडीएसओ नावाच्या सामायिक पानावरूनच उत्तर मिळतं. पोस्टग्रेस डेटाबेसबरोबर ‘पीजी टेस्ट टायमिंग’ नावाचं छोटं हत्यार येतं, ते प्रत्येक वाचनाला लागलेला वेळ मोजून देतं. टीएससीवर हा आकडा साधारण २० ते ४० नॅनोसेकंदांत येतो. पीएम टायमरवर तोच ७०० च्या पुढं जातो. सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारणाऱ्या डेटाबेससाठी हा फरक म्हणजे हायवे आणि गल्लीतला फरक.

मग अटी कसल्या? प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरचा काउंटर वेगळा असतो, इथंच मेख आहे. सुरुवातीच्या काळात हा काउंटर प्रोसेसरचे प्रत्यक्ष फेरे मोजायचा, त्यामुळं वीज वाचवायला प्रोसेसर मंद झाला की घड्याळही मंद. दोन कोअर वेगवेगळ्या वेगानं चालले की दोन वेगळ्या वेळा. २००५ च्या अॅथलॉन ६४ एक्स२ वर हा प्रकार इतका उघड झाला की गेम अडखळायचे, आणि एएमडीला विंडोजसाठी ‘ड्युअल-कोअर ऑप्टिमायझर’ नावाचा वेगळा प्रोग्राम द्यावा लागला. टीएससीची बदनामी त्या काळातली आहे. काही जुने तंत्रज्ञ अजूनही सवयीनं तो बंद करून ठेवतात, ते चूक आहे.

पुढं दोन सुधारणा आल्या. पहिली, वेग बदलला तरी काउंटर ठरलेल्या गतीनंच चालतो. सीपीयूच्या फ्लॅगांत, म्हणजे प्रोसेसरच्या क्षमतांच्या यादीत, याचं नाव ‘कॉन्स्टंट टीएससी’. दुसरी, प्रोसेसर गाढ झोपेत गेला तरी काउंटर थांबत नाही, ती ‘नॉनस्टॉप टीएससी’. पहिलीवर भागत नाही, दोन्ही हव्यात. २००७ च्या आसपासच्या झिऑन ५४०० जातीच्या मशीनवर पहिला फ्लॅग दिसतो, दुसरा नसतो. म्हणजे प्रोसेसर झोपला की घड्याळाचीही झोप. ही मशीन आज फुकट मिळाली तरी वीजबिलात महाग पडतात, वेळेच्या कामाला तर अजिबात नकोत.

इंटेलच्या नेहालेम पिढीपासून, म्हणजे २००९ चा झिऑन ५५०० आणि २०१० चा ५६००, दोन्ही फ्लॅग मिळतात. घड्याळ ठीक, वीज मात्र भरपूर खातात. २०१२ चे ई५-२६०० आणि २०१३ चे त्यांचे व्ही२ हे बजेटवाल्यांनी घ्यावेत. खरी शिफारस २०१४ च्या व्ही३ आणि २०१६ च्या व्ही४ ची, कारण हॅसवेलपासून, म्हणजे व्ही३ च्या पिढीपासून, ‘टीएससी अॅडजस्ट’ हा तिसरा फ्लॅग आला. त्याचा उपयोग असा: बायोसनं (बोर्डावरच्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरनं, म्हणजे फर्मवेअरनं) किंवा इतर कोणी काउंटरमध्ये परस्पर हात घातला असेल तर किती घातला ते या रजिस्टरात उमटतं. कर्नल प्रत्येक प्रोसेसरचं हे रजिस्टर तपासतो, फरक सापडला तर फर्मवेअरच्या नावानं ओरडतो आणि जमेल तिथं सरळही करतो. व्ही२ पर्यंतच्या मशीनवर असा हात घातलेला ओळखायला थेट साधन नाही, फक्त परिणाम दिसतो. दोन पिढ्यांच्या किमतीत फार अंतर नसेल तर याच एका कारणासाठी व्ही३ घ्यावा.

२०१७ च्या स्कायलेक पिढीबद्दल एक सावधगिरी. तिथं टीएससीची गती मोजण्याऐवजी क्रिस्टलच्या ठरीव आकड्यावरून काढायची पद्धत कर्नलात आली. सर्व्हरसाठी २५ मेगाहर्ट्झ धरलं होतं, पण त्याच मॉडेल क्रमांकाच्या वर्कस्टेशनवर क्रिस्टल २४ चा. परिणाम ४ टक्के चूक, म्हणजे तासाला २ मिनिटं २४ सेकंद. सर्व्हरवरही सुख नव्हतं. रेडिओ गोंगाट कमी करणाऱ्या सर्किटमुळं फ्रिक्वेन्सी साधारण पाव टक्का खाली यायची, आणि दर दहा मिनिटांना एक-दीड सेकंदाचा फरक पडायचा. २०१८ च्या सुरुवातीला कर्नलमध्ये दुरुस्ती आली. त्यामुळं स्कायलेक वर्कस्टेशनवर कोणी जुनं लिनक्स घालून दिलं असेल आणि घड्याळ वेड्यासारखं मागं पडत असेल, तर मदरबोर्डला शिव्या देण्याआधी कर्नल बदला.

दोन सॉकेटांचे काउंटर मुळात जुळतातच कसे? बोर्डावर एकच क्लॉक जनरेटर दोन्ही सॉकेटांना संदर्भ-सिग्नल पुरवतो, आणि रिसेटचा इशारा दोघांना एकाच वेळी मिळतो. हलगी एकदाच वाजते, दोन्ही पैलवान एकदम उठतात. साध्या दोन-सॉकेट बोर्डावर हे नीट होतं. बोर्ड एकापेक्षा जास्त असतील, आठ-आठ सॉकेट जोडलेले असतील, तर तशी खात्री उरत नाही. अशी मशीन कोल्हापूरच्या बाजारात क्वचितच दिसेल. दिसली तर केवळ स्वस्त म्हणून उचलू नका.

दोन सॉकेटांत बिघडण्याची ठळक कारणं तीन. बायोसचा जुना कोड काही अंतर्गत काम करताना टीएससीचा आकडा ‘परत जागेवर’ ठेवायला जातो आणि एकाच प्रोसेसरवर ठेवतो. सस्पेंड करून उठवल्यावर एक सॉकेट आधी जागा होतो. आणि तिसरं कारण खास जुन्या बाजारातलं: एका मशीनचा एक प्रोसेसर गेला म्हणून दुसऱ्या मशीनमधला ‘तसाच दिसणारा’ बसवलेला असतो. टीएससीची गती प्रोसेसरच्या ठरीव वेगाशी बांधलेली असते, त्यामुळं २.४ आणि २.६ गिगाहर्ट्झची जोडी सुरू झालीच तरी जमणार नाही. प्रोक फाइलसिस्टिममधल्या सीपीयूइन्फोत मॉडेल नेम आणि स्टेपिंग (त्याच मॉडेलची उप-आवृत्ती) या दोन ओळी सगळ्या प्रोसेसरांसाठी सारख्याच आहेत का बघा. मॉडेल वेगळं दिसलं तर मशीन तिथंच ठेवून निघा. फक्त स्टेपिंग वेगळं असेल तर पुढची चाचणी जास्त वेळ चालवा.

पंच आणि त्याच्या मर्यादा

टीएससीवर कर्नल आंधळा विश्वास ठेवत नाही. बूट होताना दोन-दोन प्रोसेसर समोरासमोर बसवून काही मिलिसेकंद आळीपाळीनं आकडा वाचायला लावतो. कुठं आकडा मागं गेला तर तिथंच टीएससी बाद. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ‘टीएससी वॉर्प’ (आकडा मागं गेल्याचा फरक) किती फेऱ्यांचा मोजला त्याची ओळ येते. ही चाचणी बारीक आहे आणि विश्वासार्ह आहे.

दुसरा पंच म्हणजे वॉचडॉग. दर अर्ध्या सेकंदाला तो एका प्रोसेसरवरून पुढच्यावर जात टीएससीची तुलना एचपीईटीशी किंवा पीएम टायमरशी करतो. जुन्या कर्नलांत अर्ध्या सेकंदामागं १/१६ सेकंद, म्हणजे ६२.५ मिलिसेकंद, फरक पडला तरच हा पंच शिट्टी मारायचा. एवढी ढिलाई म्हणजे दोन सॉकेटांत मिलिसेकंदाचा फरक असला तरी तो गप्प. नव्या कर्नलांत ही मर्यादा बरीच आवळलेली आहे. म्हणून तपासणी नव्या कर्नलवरच करावी. पाच-सहा वर्षं जुन्या पेनड्राइव्हवरची ‘काही एरर नाही’ ही पावती फारशी कामाची नाही.

पंचही चुकतो बरं. मशीनवर ताण जबरदस्त असेल तर एचपीईटी वाचायलाच उशीर होतो आणि दोष टीएससीच्या माथी येतो. कॉफी लेक पिढीच्या काही डेस्कटॉप-लॅपटॉपांत तर उलटंच: प्रोसेसर पॅकेज गाढ झोपलं की एचपीईटीच थांबायचा, म्हणून लिनक्सनं तिथं एचपीईटी बंदच करून टाकला. आरोप करणारा झोपलेला आणि आरोपी जागा! या अनुभवातून अलीकडच्या कर्नलांनी ठरवलं, की ज्या इंटेल मशीनवर कॉन्स्टंट, नॉनस्टॉप आणि अॅडजस्ट हे तिन्ही फ्लॅग आहेत आणि सॉकेट मोजकेच आहेत, तिथं टीएससीमागं वॉचडॉग लावायचाच नाही. व्ही३ आणि पुढच्या दोन-सॉकेट मशीनला ही सवलत मिळते. शिफारशीला हे आणखी एक वजन.

आता बूट-पर्यायांबद्दल, कारण यूट्यूबवर बघून लोक सर्रास ‘टीएससी बरोबर रिलायबल’ हा पर्याय ग्रबमध्ये, म्हणजे बूटच्या सेटिंगांत, टाकतात. त्यानं वॉचडॉग बंद होतो आणि बूटवेळची स्थिरतेची तपासणीही बंद होते. म्हणजे काटा दुरुस्त केला नाही, निरीक्षकाला घरी पाठवलं. वॉचडॉगच्या खोट्या तक्रारीनं टीएससी बाद होतोय याची खात्रीच झाली असेल, तर ‘टीएससी बरोबर नोवॉचडॉग’ हा सौम्य पर्याय आहे. त्यात सुरुवातीची समोरासमोरची तपासणी शाबूत राहते. वॉर्पची ओळ आलेल्या मशीनवर मात्र दोन्ही नकोत.

एचपीईटी आणि पीएम टायमर

एचपीईटीच्या नावात ‘हाय प्रिसिजन’ आहे म्हणून तो वरचढ, हा गैरसमज गेमिंगवाल्या पोरांनी घरोघरी पोचवलाय. १४.३१८१८ मेगाहर्ट्झवर त्याचा एक ठोका जवळपास ७० नॅनोसेकंदांचा. २.४ गिगाहर्ट्झ टीएससीचा ०.४२. त्यात हा काउंटर प्रोसेसरबाहेर चिपसेटमध्ये, सगळ्या मशीनला मिळून एकच. दोन सॉकेटांचे चाळीस-पन्नास थ्रेड एकदम वेळ विचारायला आले की महाद्वार रोडला दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी होते तशी गर्दी. एक वाचन मायक्रोसेकंदाच्या घरात जातं आणि गर्दीत त्याहून वाढतं. पण सगळ्या प्रोसेसरांना एकाच घड्याळाची वेळ दिसते, त्यामुळं वेळ उलटी पळत नाही. टीएससी खरोखर बिघडलेल्या मशीनवर हा प्रामाणिक, मंद गडी चालवून घ्यावा. फाइल सर्व्हर, सीसीटीव्ही साठवण, बॅकअप यांना फरक जाणवणारही नाही. बिझी डेटाबेसला जाणवेल.

पीएम टायमर याहून एक पायरी खाली. आयओ पोर्टमधून वाचावा लागतो, ठोका २७९ नॅनोसेकंदांचा. आणि बहुतेक ठिकाणी तो २४ बिटांचाच धरला जातो, त्यामुळं दर ४.६९ सेकंदांनी शून्यावर येतो. मशीन त्याहून जास्त वेळ गोठलं तर मधला वेळ हिशेबातून गायब. ३२ बिटांच्या एचपीईटीला तेच व्हायला साधारण ३०० सेकंद लागतात, आणि ३ गिगाहर्ट्झच्या टीएससीला १९० वर्षांहून जास्त. पीएम टायमरचं काम पंचाचं, खेळाडूचं नव्हे. ‘करंट क्लॉकसोर्स’मध्ये त्याचं नाव दिसलं तर आधी बायोसमध्ये एचपीईटी कोणी बंद केलाय का बघा.

दुकानात उभं राहून करायची तपासणी

राजारामपुरीत घ्या, शाहूपुरीत घ्या किंवा पुण्याहून मागवा, पाऊण तास मागून घ्या. “दादा, पेनड्राइव्हवरनं चालवून बघतो, डिस्कला हात लावत नाही” एवढं सांगितलं की बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नये.

नव्या उबुंटू किंवा डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. मशीन पूर्ण बंद अवस्थेतून सुरू करा, नुसतं रीस्टार्ट नको. गार बूटमध्ये रिसेटचा घोळ असेल तर तो दिसतो, आणि काही बायोस फक्त गरम रीबूटमध्ये काउंटर बिघडवतात, म्हणून शेवटी एकदा रीबूटही करायचं आहे. बूट झाल्यावर एलएससीपीयू या कमांडमध्ये सॉकेट दोन दिसतात का आणि फ्लॅगांत वर सांगितलेली तीन नावं आहेत का बघा. मग डीमेसेजमधून टीएससी, एचपीईटी आणि क्लॉकसोर्स हे शब्द असलेल्या ओळी काढा. चांगल्या मशीनवर टीएससीची गती मेगाहर्ट्झमध्ये, ‘टीएससीकडे वळलो’ अशा अर्थाची ओळ आणि पुढं शांतता. ‘अनस्टेबल’ शब्द दिसला तर थांबा, कारण वाचा: वॉर्प असेल तर दोष खरा, वॉचडॉग असेल तर आणखी तपास.

यानंतर स्ट्रेस-एनजी हा ताण देणारा प्रोग्राम सगळ्या प्रोसेसरांवर वीस-तीस मिनिटं चालवा. पंख्यांचा आवाज ऐकून दुकानातली माणसं वळून बघतील, बघू देत. बिघडलेलं घड्याळ बऱ्याचदा थंड मशीनवर शहाण्यासारखं वागतं. ताण चालू असतानाच पीजी टेस्ट टायमिंग लावा. वेळ मागं गेली तर ते स्वतःच तसं सांगून थांबतं. ताण थांबवून पाच मिनिटं मशीन रिकामं ठेवा, म्हणजे प्रोसेसर गाढ झोपेत जातील, आणि मग डीमेसेज पुन्हा वाचा. एकदा बाद झालेला टीएससी सहसा उपलब्ध यादीतूनही नाहीसा होतो आणि रीबूटशिवाय परत येत नाही, त्यामुळं दोन्ही फाइली पुन्हा उघडायच्या.

दोष निघाला तर लगेच निकाल देऊ नका. बायोस नवीनतम करा, हे बहुतेक वेळा कोणी केलेलंच नसतं. बायोसमध्ये ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ पर्याय दिसला तर बंद करा. तो रेडिओ गोंगाट कमी करायला क्लॉकची फ्रिक्वेन्सी मुद्दाम हलती ठेवतो. मग तीच चाचणी पुन्हा. दुसऱ्यांदाही वॉर्प आला तर मशीन डेटाबेससाठी बाद.

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या शहरात एक पाहणी न चुकता करायची: झाकण उघडून सेल आणि चिपसेटच्या आसपास हिरवट-पांढरा थर, चिखलाची रेघ, गंजलेले स्क्रू आहेत का बघा. ३२.७६८ किलोहर्ट्झचा चिमुकला क्रिस्टल तिथंच असतो. त्याच्या पायांवर ओलाव्याचा थर बसला की बंद मशीनचं घड्याळ मागं पडतं किंवा थांबतंच. सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवा. २.७ च्या खाली असेल तर नवा टाका, त्यासाठी घासाघीस नको.

व्हर्च्युअल मशीन आणि विंडोज

प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरवर चार व्हर्च्युअल मशीन टाकून वापरणार असाल तर वरची सगळी तपासणी यजमान मशीनवर करायची. आतल्या लिनक्स पाहुण्याला यजमानानं पुरवलेला केव्हीएम-क्लॉक मिळतो, गुण ४००, तोच राहू द्या. पाहुण्याच्या आत जबरदस्तीनं एचपीईटी निवडणं म्हणजे प्रत्येक वेळी वेळ विचारायला यजमानाचं दार वाजवणं. विंडोज पाहुण्याला हायपर-व्ही पद्धतीचं संदर्भ-घड्याळ द्या, केव्हीएममध्ये तशी सोय आहे.

टॅली किंवा ईआरपीसाठी थेट विंडोज सर्व्हर टाकत असाल तर पॉवरशेलमध्ये स्टॉपवॉच वर्गाची फ्रिक्वेन्सी विचारा. १,००,००,००० आलं तर छान, आत टीएससी किंवा हायपर-व्हीचं घड्याळ आहे. १,४३,१८,१८० च्या जवळपास आलं तर एचपीईटी, ३५,७९,५४५ आलं तर पीएम टायमर. नव्या विंडोजवर शेवटचे दोन आकडे दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोणीतरी बीसीडीएडिट या बूट-सेटिंगच्या कमांडमध्ये ‘यूज प्लॅटफॉर्म क्लॉक’ चालू करून ठेवलाय. तो पर्याय ‘फॉल्स’ करण्यापेक्षा डिलीट करा आणि रीस्टार्ट करा.

चांगलं मशीन मिळाल्यावर

टीएससी स्थिर असला तरी त्याचा क्रिस्टल साधाच असतो. १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, ५० पीपीएम म्हणजे ४.३२ सेकंद. क्रोनी हा एनटीपी प्रोग्राम बसवा आणि दिवसभरानं ‘ट्रॅकिंग’ची फ्रिक्वेन्सी ओळ बघा. काही दहा पीपीएम सामान्य आहे. शंभराच्या पुढं गेलं तर गतीचं मोजमाप चुकलंय असं समजा, रीबूट करून पुन्हा बघा. जुना एनटीपीडी ५०० पीपीएमच्या पुढं हात टेकतो.

वेळ कोणाकडून घ्यायची हे भारतात ठरलेलं आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरचे (एनआयसी) किंवा दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीचे एनटीपी सर्व्हर, किंवा त्यांच्याशी जोडता येणारे दुसरे. लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही त्यातच. कारखान्यात प्रत्येक यंत्राला बाहेर पाठवू नका. हा एक सर्व्हर बाहेरून वेळ घेईल, आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, वजनकाट्याचा पीसी, भट्टीचा लॉगर यांनी त्याच्याकडून घ्यावी. क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये आतल्या नेटवर्कला ‘अलाऊ’ आणि ‘लोकल स्ट्रॅटम १०’ एवढ्या दोन ओळी. पावसाळ्यात इंटरनेट दोन दिवस गेलं तरी काट्याची पावती आणि कॅमेऱ्यातली गाडी एकाच मिनिटाला दिसतात, भांडण मिटवायला तेवढं पुरतं.

रात्री बंद होणाऱ्या मशीनला सकाळी पहिली वेळ सेलवर चालणारा आरटीसी देतो. त्याचा क्रिस्टल २५ अंशांपासून जितका दूर जाईल तितका मंद होतो, साधारण ०.०३४ पीपीएम गुणिले तापमानफरकाचा वर्ग. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंशांवर म्हणजे १३-१४ पीपीएम, दिवसाला सेकंदाच्या थोडं वर. क्रोनीला सुरुवातीच्या तीन दुरुस्त्यांत सरळ उडी मारायची मुभा द्या, ‘मेकस्टेप १ ३’, आणि ‘आरटीसीसिंक’ चालू ठेवा. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला तर मात्र हार्डवेअर निर्दोष आहे. लिनक्स आरटीसीत यूटीसी (जागतिक वेळ) धरतो, विंडोज भारतीय वेळ धरतो, आणि कोणीतरी एकाच मशीनवर दोन्ही टाकलेत.

सौद्याचं बोलायचं तर, टीएससी बाद झालेलं पण बाकी धडधाकट मशीन टाकाऊ नसतं. बॅकअपसाठी ते घ्या, पण भाव त्या हिशेबानं पाडून. आणि चांगलं निघालं तर बिलावर दोन्ही प्रोसेसरांचं मॉडेल, बायोसची आवृत्ती आणि “टीएससी स्थिर न राहिल्यास सात दिवसांत परत” ही ओळ लिहून घ्या. दुकानदार टीएससी म्हणजे काय विचारेल. डीमेसेजच्या त्या ओळींचा फोटो त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, म्हणजे सात दिवसांनी दोघांच्याही हातात तोच पुरावा असेल.